इतका वाईट, की उठवत नाही

मागच्या तीनचार भागांत आपण चांगल्या सिनेमांबद्दल बोललो आणि त्याखाली एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. इंदूरच्या एका ताईंनी तो सगळ्यात सरळ विचारला : "दादा, तुम्ही एवढं चांगलं चांगलं बघता, मग मधूनच 'गुंडा'चं नाव का घेता? ते थट्टेत असतं की खरंच आवडतं?"

खरंच आवडतं. आज त्याबद्दलच बोलू. वाईट सिनेमा, त्यातही गाण्यांनी भरलेला वाईट सिनेमा, माणसाला धरून का ठेवतो? चार मित्र जमले की 'पथेर पांचाली' कुणी लावत नाही, 'डिस्को डान्सर' लावतात, हे असं का होतं? आणि मी दिल्लीच्या कुशीत, नोएडात राहतो म्हणून आणखी एक गोष्ट बोलायची आहे. या हसण्याचा एक प्रकार इथे, या पट्ट्यात, बराच महागात पडलेला आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

सुरुवातीलाच एक फरक करून घेऊ. सगळे वाईट सिनेमे या जातीचे नसतात. बहुतेक वाईट सिनेमे नुसते कंटाळवाणे असतात. नीट शूट केलेले, नीट कापलेले, आणि दुसऱ्या दिवशी नावही न आठवणारे. त्यांच्यावर हसू येत नाही, झोप येते. मी म्हणतोय ते सिनेमे वेगळे. ते बनवणाऱ्याला काहीतरी भव्य करायचं असतं. पैसा असो नसो, छातीत दम असतो. आपण जे करतोय ते थोर आहे यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. आणि ते जमत नाही. न जमण्यातही कसर ठेवलेली नसते. म्हणजे एखाद्याने लग्नात खास तलवारबाजी करून दाखवायची म्हणून फेटा बांधून, ढोल लावून, सगळ्यांना गोल उभं करून सुरुवात करावी आणि पहिल्याच वाराला मांडवाचा खांब यावा. तो माणूस लाजला तर गंमत संपली. तो न लाजता पुढे खेळत राहिला, तर त्या लग्नाची आठवण वीस वर्षं निघते.

सुझन सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९६४ मध्ये 'नोट्स ऑन कॅम्प' हा निबंध लिहिला. त्यातला आपल्या कामाचा मुद्दा एवढाच : या प्रकारातला अस्सल माल तोच, जो बनवणाऱ्याने अत्यंत गांभीर्याने बनवलेला असतो. "बघा, मी मुद्दाम वाईट करतोय" असं म्हणत डोळा मारला की त्यातला जीव जातो. हे मला तंतोतंत पटतं.

अमेरिकेत या विषयाचा एक छान किस्सा आहे, आणि तो नेमका संगीतपटांचाच आहे. १९८० साली तिकडे डिस्कोची लाट ओसरत होती आणि नेमके तेव्हाच दोन मोठे डिस्को संगीतपट आले, 'झॅनाडू' आणि 'कान्ट स्टॉप द म्युझिक'. जॉन विल्सन नावाच्या एका गृहस्थाने ९९ सेंटमध्ये हे दोन्ही एकापाठोपाठ पाहिले. बाहेर आल्यावर त्याला वाटलं, यांना बक्षीस मिळायलाच हवं. १९८१ मध्ये ऑस्करच्या रात्री त्याने आपल्या घरच्या बैठकीत मित्रांना जमवून वाईट सिनेमांचे पुरस्कार वाटले. तेच पुढचे रॅझी पुरस्कार. सर्वांत वाईट चित्रपटाचा पहिला मान 'कान्ट स्टॉप द म्युझिक'ला. आणि 'झॅनाडू'? त्याचं २००७ मध्ये ब्रॉडवेवर नाटक झालं आणि लोकांनी प्रेमाने पाहिलं.

आपल्याकडे हा उद्योग दिल्लीने केला. 'रँडम' नावाच्या इथल्या मासिकाने २००९ मध्ये 'गोल्डन केला' पुरस्कार सुरू केले. केला म्हणजे केळंच, सोनेरी केळं. हिंदी सिनेमातल्या वाईटाला वाजतगाजत पुरस्कार. त्यात सर्वांत भयंकर उच्चारांसाठी दारा सिंग यांच्या नावाने पुरस्कार होता, सर्वांत डोकं उठवणाऱ्या गाण्यालाही वेगळा होता. मुंबईने दोन वर्षांनी 'घंटा' पुरस्कार काढले, पण पहिलं केळं दिल्लीचं. यात नवल नाही. मुंबईत सिनेमा बनवणारा तुमचा शेजारी असू शकतो, उद्या लिफ्टमध्ये भेटेल. दिल्लीला ती भीड नाही. दिल्लीवाला तसाही कुणाचीही भीड ठेवत नाही, तो भाग वेगळा.

आता मुख्य प्रश्न. गाणंच का? वाईट संगीतपट हा वाईट रहस्यपटापेक्षा जास्त लाडका का होतो?

एक तर गाणं म्हणजे उघड्यावर येणं. माणूस बोलता बोलता गायला लागतो, तेव्हा तो आपली अब्रू बघणाऱ्याच्या हातात देतो. तुम्ही मान्य केलंत तर स्वर्ग, नाही केलंत तर तो भर रस्त्यात हात पसरून उभा राहिलेला एक वेडा. अधलं-मधलं काही नसतं. संवाद साधारण असू शकतो, चालून जातो. गाणं साधारण असलं की लगेच दिसतं. शिवाय गाण्यात सूर, शब्द, नाच, कपडे, कॅमेरा आणि गोष्ट एवढं सगळं एकाच वेळी जुळावं लागतं. एक निसटलं की बाकीची पाच त्याच्याकडे बोट दाखवतात. हॉलिवूडने २०१९ मध्ये 'कॅट्स' काढला. नामांकित दिग्दर्शक टॉम हूपर, नामांकित नटमंडळी, सगळ्यांच्या अंगावर संगणकाने उगवलेली मांजरीची लव. चित्रपट लागल्यानंतर सुधारलेली प्रत थिएटरांना पाठवावी लागली, इतकी ती लव अर्धीकच्ची होती. हेच एखाद्या गुप्तहेरपटात झालं असतं तर चार लोक कुरकुरले असते. इथे मांजरी गात होत्या, म्हणून जग हसलं.

आपल्या मराठी माणसाला तर हे कळायला अमेरिकेला जायची गरज नाही. आपण संगीत नाटकाची लेकरं. मरणाच्या दारात असलेलं पात्र पद म्हणतं, खालून 'वन्समोअर' येतो, आणि पात्र उठून बसून पुन्हा म्हणतं, मग रीतसर मरतं. असे किस्से जुन्या नाटकवेड्यांकडून आपण सगळ्यांनीच ऐकलेत. बालगंधर्व उतारवयातही स्त्रीभूमिका करत होते, शरीर साथ देत नव्हतं, तरी लोक जात होते. डोळ्यांना दिसतं ते आणि कानांना ऐकू येतं ते यांत मैलाचं अंतर असलं तरी ते अंतर प्रेमाने भरून काढायची सवय आपल्या प्रेक्षकाला शंभर वर्षांपूर्वीच लागली. (जाता जाता : 'संगीत सौभद्र' १८८२ चं, 'डिस्को डान्सर' १९८२ चा. बरोब्बर शंभर वर्षं. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला हे सांगायला आवडतं.)

'डिस्को डान्सर'पाशी थोडं थांबू या. बी. सुभाष यांचा सिनेमा, मिथुन चक्रवर्ती नायक, बप्पी लाहिरींचं संगीत. पटकथा कुणाची? राही मासूम रझा यांची. 'आधा गाँव' लिहिणारे, पुढे दूरदर्शनच्या 'महाभारत'चे संवाद लिहिणारे राही मासूम रझा. म्हणजे लिहिणाऱ्याला लिहिता येत नव्हतं अशातला भाग नाही. आणि तरी गोष्ट अशी : गरीब मुलगा, लहानपणी झालेला अपमान, मोठा होऊन डिस्कोचा राजा होतो. खलनायक त्याला मारण्यासाठी गिटारमध्ये विजेचा प्रवाह सोडतात, ती गिटार आईच्या हाती लागते आणि आई जाते. त्यानंतर नायकाला गिटारची भीती बसते. गिटारची भीती! आता तो गाणार कसा?

हे ऐकून तुम्ही हसलात. पण नीट बघा, ही गोष्ट वाईट नाहीये. ती फार म्हणजे फारच सरळ आहे. आई, अपमान, सूड, परत उभं राहणं. आपल्या सगळ्या लोककथा अशाच. फक्त तिच्या अंगावर चंदेरी झगमगीत कपडे आणि पायाखाली दिव्यांची फरशी आहे, आणि एका गाण्यामागे बगल्स या इंग्रज जोडगोळीची १९७९ ची चाल आहे. आतला ऐवज जुना आणि बाहेरचं वेष्टन उसनं, यांचा मेळ बसत नाही, म्हणून हसू येतं. आणि आतला ऐवज खरा आहे, म्हणून उठवत नाही.

ज्यांना वेष्टनाशी देणंघेणं नव्हतं त्यांनी तो हसण्यासाठी पाहिलाच नाही. सोव्हिएत संघात तो १९८४ मध्ये लागला आणि सहा कोटींच्या आसपास तिकिटं खपली. तिथल्या एका पूर्ण पिढीला मिथुनचा 'जिमी' हा आपला माणूस वाटला. चीनमध्ये तर याहून गंमत झाली. २०२२ मध्ये कोविडच्या टाळेबंद्यांना कंटाळलेल्या लोकांनी व्हिडिओ काढले. हातात रिकामी भांडी, मागे 'जिमी जिमी' गाणं. त्या नावाचा चिनी उच्चार त्यांच्या भाषेत 'तांदूळ उसना द्या' असा ऐकू येतो. गाणं निरर्थक, चाळीस वर्षं जुनं, परदेशी, म्हणून पहारेकऱ्यांना त्यात पकडण्यासारखं काही दिसायला वेळ लागतो. हास्यास्पद वस्तूचा असाही उपयोग होतो. गंभीर निषेधगीत एवढं फिरलं असतं का? मला शंका आहे.

आता 'गुंडा'. १९९८, कांती शाह, पुन्हा मिथुन. आधीच सांगतो, हा सिनेमा घरच्यांसोबत बघण्याचा नाही. त्यात बायकांवरचे अत्याचार ज्या गलिच्छपणे दाखवलेत त्याला 'गंमत' म्हणणं मला जमत नाही, आणि तो भाग मी पुढे ढकलतो. पण हा सिनेमा देशभरच्या इंजिनीअरिंग हॉस्टेलांमध्ये पेन ड्राइव्हवरून फिरला आणि तोंडपाठ झाला, तो कशामुळे? यमकामुळे. त्यातली खलपात्रं साधं बोलतच नाहीत. प्रत्येक जण कॅमेऱ्याकडे बघून आपलं नाव सांगतो आणि नावाला जुळणारं यमक मारतो. मुकेश ऋषींचा बुल्ला, हरीश पटेलांचा इबू हटेला, आणि आपले मोहन जोशी : पोते नावाचा खलनायक. मराठी रंगभूमीवर ज्यांना आपण उत्तम भूमिकांत पाहिलं ते मोहन जोशी पूर्ण ताकदीने ते यमक फेकतात. मला तर वाटतं, नाटकाची तालीम असलेल्या माणसाशिवाय ते फेकताच आलं नसतं.

'गुंडा'तही गाणी आहेत, पण ती कुणाला आठवत नाहीत. माझ्या मते 'गुंडा' हा संगीतपट त्याच्या संवादांमुळे आहे. नौटंकीत, पारशी नाटकात, आपल्या तमाशाच्या वगात पात्रं अशीच यमकात बोलायची, आपली ओळख आपणच करून द्यायची. ती परंपरा शहरातल्या सिनेमाने टाकून दिली आणि ती जाऊन पडली कांती शाहांच्या कारखान्यात. हॉस्टेलमधली मुलं ज्यावर हसतात ते वाईट लेखन तर आहेच, पण त्या हसण्याखाली यमकाचा जुना, लोककलेतला आनंदही आहे. म्हणूनच ते पाठ होतं. वाईट गद्य कुणी पाठ करत नाही.

पाठ होणं महत्त्वाचं आहे, कारण हे सिनेमे एकट्याने बघायचे नसतातच. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ मध्ये आला तेव्हा आपटला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरमध्ये तो मध्यरात्रीच्या खेळाला लागला, आणि लोक पडद्याला उलट उत्तरं द्यायला लागले, लग्नाच्या दृश्यात तांदूळ उधळायला लागले. ते आजही चालू आहे. मला हे वाचताना आमची कॉलनीची रामलीला आठवते. लाल किल्ल्यासमोरच्या मोठ्या रामलीलांत हल्ली सिनेमा-टीव्हीचे कलाकार आणि खासदार-आमदार उतरतात, त्या भव्य असतात. पण खरी मजा गल्लीतल्या रामलीलेची. हनुमान म्हणजे कोपऱ्यावरचा मिठाईवाला, माईक ऐन संजीवनीच्या वेळी शिट्टी मारतो, रावणाच्या मिशा एका बाजूने सुटतात आणि तो एका हाताने मिशी धरून अट्टहास करतो. कुणी उठून जातं का? उलट पुढच्या वर्षी लोक मिशीची वाट बघतात. तिथे हसणं आणि नमस्कार करणं एकाच माणसाकडून, एकाच मिनिटात होतं. यात विरोध आहे असं कुणाला वाटत नाही.

आमच्या नोएडाच्या सोसायटीत महिन्यातून एकदा आम्ही असा सिनेमा लावतो. तेरा-चौदा जण. बिहारचे दोघे, एक मल्याळी कुटुंब, आम्ही तीन मराठी घरं. चांगल्या सिनेमावर एकमत होत नाही : कुणाला सबटायटल नको, कुणाला रडारड नको. वाईट सिनेमावर लगेच होतं. 'जानी दुश्मन : एक अनोखी कहानी' (२००२) लावला होता. राजकुमार कोहलींनी अक्षय कुमार, सनी देओल, सुनील शेट्टी, मनीषा कोईराला आणि अभिनय करणारे सोनू निगम एवढी फौज गोळा केली आणि आपल्या मुलाला, अरमान कोहलीला, इच्छाधारी नाग केलं. तो नाग हॉलिवूडच्या 'टर्मिनेटर'सारखा तुटतो आणि पुन्हा जुळतो. त्या रात्री जे कधी लिफ्टमध्ये नमस्कारही करत नाहीत ते शेजारी एकमेकांना टाळ्या देत होते. चांगल्या कलाकृतीपुढे माणूस गप्प होतो, आपली समज तोकडी पडेल म्हणून थोडा घाबरतोही. वाईटापुढे सगळे तज्ज्ञ. सातवीतला मुलगा आणि निवृत्त कर्नल एका पातळीवर येतात.

पण इथेच एक खडा लागतो. आपण हसतो ते चुकीवर हसतो की माणसावर?

'देशद्रोही' आठवतो? २००८, कमाल आर. खान. निर्मिती त्याची, नायक तोच. उत्तर प्रदेशातून मुंबईला पोट भरायला आलेल्या तरुणाची गोष्ट. त्या वर्षी महाराष्ट्रात परप्रांतीयांविरुद्ध आंदोलन पेटलेलं होतं, आणि राज्य सरकारने त्या सिनेमावर बंदी घातली. सिनेमा इतका कच्चा आहे की इंटरनेटवर त्याचे तुकडे आजही विनोद म्हणून फिरतात. मी दिल्लीत बाहेरून आलेला माणूस म्हणून तो पाहतो, तेव्हा मला त्या तुकड्यांत थोडा वेगळा आवाज ऐकू येतो. परक्या शहरात भाषेवरून ओळखलं जाणं काय असतं, हे इथल्या कुठल्याही मराठी, मल्याळी, मणिपुरी माणसाला विचारा. त्या सिनेमाने तो प्रश्न वाया घालवला हे खरंच. पण त्याच्यावर हसताना उच्चारावर, रंगावर, कपड्यावर हसणारेही मी पाहिलेत, आणि त्या हसण्याला सिनेमाशी काही घेणं नव्हतं.

याच्या उलट उदाहरण हिमेश रेशमियाचं. २००५ ते २००७ मध्ये त्याच्याएवढी थट्टा कुणाची झाली नसेल. नाकात गातो, टोपी काढत नाही. 'आप का सुरूर' (२००७) मध्ये तो स्वतःच नायक झाला, आणि सिनेमा चालला. नंतर 'कर्झ'चा रिमेक केला, नावात एकाऐवजी चार झेड घालून. तोही थट्टेचा धनी झाला. मग काय झालं? रिक्षात, लग्नात, शाळेच्या सहलीच्या बसमध्ये ती गाणी ऐकत जी पोरं मोठी झाली त्यांच्या हातात पगार आला. जुलै २०२५ मध्ये हिमेशचा कार्यक्रम दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये झाला आणि हजारो लोकांनी डोक्यावर टोप्या घालून एक एक ओळ गायली. त्यातले किती थट्टेने आले होते आणि किती खरोखरच्या प्रेमाने? माझी पंचविशीतली भाची गेली होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "मामा, जाताना थट्टेतच गेलो होतो. तिसऱ्या गाण्याला मी रडत होते." त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याचा 'बॅडअ‍ॅस रवी कुमार' आला, मुद्दाम ऐंशीच्या दशकासारखा, मुद्दाम भडक, हाणामारी आणि गाणी. मला त्यात अर्ध्या तासानंतर कंटाळा आला. तो डोळा मारतो. माझ्यापुरतं सांगायचं तर २००७ चा हिमेश, जो डोळा मारत नव्हता, तोच अजून जास्त बघण्यासारखा आहे.

आता ते शेवटचं, महागाचं प्रकरण.

२०१४ च्या सुमारास 'लव्ह चार्जर' नावाचं एक गाणं इंटरनेटवर पसरलं. सिरसाच्या डेरा सच्चा सौदाचा प्रमुख गुरमीत राम रहीम सिंग रंगीबेरंगी कपडे घालून हजारोंच्या गर्दीपुढे गातोय. दिल्लीच्या ऑफिसांमध्ये लोक जेवणाच्या सुट्टीत ते लावून हसायचे. मग सिनेमा आला : 'एमएसजी : द मेसेंजर'. नायक तो, सहदिग्दर्शक तो, गायक तो, संगीतही त्याचंच. गोष्ट काय, तर एक महान गुरुजी, व्यसनांविरुद्ध लढणारे, त्यांच्या जिवावर उठलेले गुंड, आणि मधे मधे झगमगीत मोटारसायकलींवरून एन्ट्री आणि गाणी. जानेवारी २०१५ मध्ये सेन्सॉर बोर्डाने प्रमाणपत्र नाकारलं, अपील न्यायाधिकरणाने दिलं, बोर्डाच्या अध्यक्ष लीला सॅमसन यांनी राजीनामा दिला. गुरुग्राममध्ये ठरलेला भव्य प्रीमियर पुढे ढकलावा लागला, पंजाबने बंदी घातली. १३ फेब्रुवारी २०१५ ला सिनेमा लागला.

मी तो गुरुग्रामच्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. आधी सांगितलेल्या सगळ्या कसोट्यांवर तो या जातीचा राजा आहे. पूर्ण विश्वास आहे, भव्यता आहे, पैसा आहे, आणि काहीही जमलेलं नाही. पण सभागृहात दोन प्रेक्षक होते. आमच्या रांगेत कॉर्पोरेटवाली मुलं पॉपकॉर्न सांडेपर्यंत हसत होती. पुढच्या चार रांगांत गावाकडून बसने आलेली कुटुंबं होती, आणि पडद्यावर तो आला की त्यांचे हात जोडले जात होते. रामलीलेत हसणं आणि हात जोडणं एकाच माणसात होतं. इथे ते दोन वेगळ्या माणसांत होतं, आणि मधे एक मोकळी रांग होती. पडद्यावरची ती गर्दीसुद्धा भाड्याची नव्हती, ते खरे अनुयायी होते. जुने एक्स्ट्रा असतात तसे कंटाळलेले चेहरे त्यात एकही दिसत नाहीत. हे माझ्या तेव्हाच लक्षात राहिलं.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवू. एका साध्वीने लैंगिक अत्याचाराची तक्रार करणारं निनावी पत्र पंतप्रधानांना पाठवलं ते २००२ मध्ये. सिरसातल्या 'पूरा सच' या छोट्या वर्तमानपत्राचे संपादक रामचंदर छत्रपती यांनी ते छापलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, नोव्हेंबरमध्ये ते गेले. पत्राच्या प्रकरणाचा तपास सीबीआयकडे गेला, खटला उभा राहिला. म्हणजे २०१५ मध्ये आम्ही सगळे त्या सभागृहात बसलो होतो, तेव्हा हे सगळं सार्वजनिक होतं, वर्तमानपत्रांत येऊन गेलेलं होतं. २०१५ ते २०१७ या अडीच वर्षांत त्याचे पाच सिनेमे आले. दुसऱ्या भागात आदिवासींना ज्या पद्धतीने दाखवलं होतं त्यामुळे झारखंडसारख्या राज्याने बंदी घातली. दिल्लीत मात्र त्याची ओळख 'तो विनोदी बाबा' अशीच पक्की होत गेली.

२५ ऑगस्ट २०१७ ला पंचकुलाच्या विशेष सीबीआय न्यायालयाने त्याला दोन साध्वींवरच्या बलात्काराबद्दल दोषी ठरवलं. त्यानंतरच्या हिंसाचारात तीसहून अधिक माणसं गेली. त्याची धग दिल्लीपर्यंत आली : आनंद विहार स्टेशनवर उभ्या असलेल्या रेल्वेगाडीचे दोन रिकामे डबे जाळले गेले, दिल्ली-गाझियाबादमध्ये जमावबंदी लागली. तीन दिवसांनी दहा-दहा अशी वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला रोहतकच्या सुनारिया तुरुंगात ठेवलं. ज्या सभागृहात आम्ही बसलो होतो तिथून रोहतक दोन तासांच्या अंतरावर आहे.

कुणी म्हणेल, हसल्याने काय झालं, बलात्कार काही हसणाऱ्यांनी केला नाही. बरोबर. पण हसण्याने नजरेला काय होतं ते सांगतो. भीतीदायक माणसावर हसलं की भीती कमी होते, ते चांगलंच. चार्ली चॅप्लिनने हिटलरवर हसून दाखवलं. मात्र चॅप्लिनला माहीत होतं तो कुणावर हसतोय. वाईट सिनेमावर हसताना आपण कारागिरीवर हसतो : कपडे बघा, नाच बघा, उडी बघा. आणि कारागिरी वाईट म्हणजे माणूस बावळट, बावळट म्हणजे निरुपद्रवी, अशी दोन पावलं आपण न कळत टाकतो. पहिलंच पाऊल चुकीचं आहे. ज्याला नाचता येत नाही त्याला सत्ता राबवता येत नाही असं थोडंच आहे? पुढच्या चार रांगांतल्या लोकांना त्याचा नाच चांगला वाटत होता की वाईट, हा प्रश्नच नव्हता. ते दर्शनाला आले होते. आणि उरलेले आम्ही तिकीट काढून त्याच खिडकीत पैसे टाकले.

मिथुन, हिमेश, कांती शाह यांच्यावर हसताना दुसऱ्या बाजूला फक्त एक सिनेमा असतो. तो फसला, विषय संपला. 'गुंडा'तल्या ज्या दृश्यांचा मी मघाशी उल्लेख केला, तिथेही आमच्याकडे आम्ही फॉरवर्ड करतो, सरळ. सोसायटीतल्या एका वहिनींनी पहिल्याच वेळी सांगितलं होतं, "यमकं ऐकायला मी बसते, ते बघायला बसणार नाही." तेव्हापासून रिमोट त्यांच्याकडेच असतो.

राम रहीमची गोष्ट अजून संपलेली नाही. त्याला वेळोवेळी पॅरोल मिळत गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये चाळीस दिवसांच्या पॅरोलवर तो बागपत जिल्ह्यातल्या बरनावा आश्रमात होता, हाही एनसीआरचाच भाग. तिथून त्याने दिवाळीचं गाणं काढलं. नवा व्हिडिओ, पुन्हा तोच थाट. मी खालच्या प्रतिक्रिया वाचत गेलो. एकाखाली एक : हात जोडलेले, हसून लोळणारे, हात जोडलेले, हसून लोळणारे. आणि वर आकडा एकच, व्ह्यूजचा. तुम्ही-मी जिथे भेटतो त्या याच प्रकारच्या प्लॅटफॉर्मचा हा हिशेब आहे. यंत्राला नमस्कार आणि हसू यांतला फरक कळत नाही, दोन्ही मिळून तो व्हिडिओ आणखी वर सरकतो.

आमच्या महिन्याच्या यादीत 'एमएसजी' नाही. नवीन कुणी आलं की हमखास सुचवतं, "अरे, तो लावा ना, फार भारी आहे." मग कुणीतरी तारखा सांगतं, साधारण मी आत्ता सांगितल्या तशाच. थोडा वेळ शांतता होते. मग 'डिस्को डान्सर' लागतो, आणि गिटारच्या सीनला सगळे ओरडतात.

पुढच्या महिन्यासाठी 'झॅनाडू' काढून ठेवलाय. कुणाकडे याहून वाईट काही असेल तर खाली लिहा. मराठीतलं असेल तर आधी लिहा.